बर्फावरचा तांडेल

टोरंटोच्या उत्तरेला गाडीने तासाभराच्या अंतरावर लेक सिम्को आहे. नावाला तळं, पण विस्तार ७०० चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा मोठं. उन्हाळ्यात त्यावर होड्या फिरतात. जानेवारीत पाणी गोठलं की त्याच जागी लाकडी खोपटी उभी राहतात. खोपट्यात गॅसची शेगडी, बसायला बाक आणि खालच्या बर्फात गिरमिटाने पाडलेली दोन-चार भोकं. भोकातून गळ सोडायचा आणि मासा लागेपर्यंत गप्पा मारायच्या. इथे याला आइस फिशिंग म्हणतात आणि हजारो कुटुंबांचा हा हिवाळ्यातला विरंगुळा आहे.

आपल्या कोकणच्या माणसाला याची गोडी लागायला वेळ लागत नाही. ज्याचं लहानपण मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलं, त्याला मासा दिसला की थंडीचा विसर पडतो. म्हणून दर हिवाळ्यात मिसिसागा, ब्रॅम्प्टनच्या ओळखीच्या घरांतून आम्हाला फोन येतात, ‘शनिवार-रविवार मुलांना घेऊन जायचं आहे, कुठलं रिसॉर्ट बघू?’ विचारणाऱ्याने तोवर चार-पाच ठिकाणांचे फोटो पाहिलेले असतात. कुठे गरम पाण्याचा टब आहे, कुठे खोपट्यात टीव्ही आहे, कुठे भाडं कमी आहे. आम्ही आधी एवढंच विचारतो की बरोबर कोण कोण येणार. तरुण मुलांचं टोळकं जाणार असेल तर एक उत्तर. चार वर्षांचं मूल, दिवस गेलेली सून आणि गावाकडून आलेली अम्मी बरोबर असेल तर उत्तर वेगळं. या महिन्यात हा विषय सविस्तर मांडतो. तुमची मुलं इकडे असतील आणि हिवाळ्यात तुम्ही त्यांच्याकडे यायचा विचार करत असाल, तर तुम्हालाही हे माहीत असलेलं बरं.

राहण्याची तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा म्हणजे रात्री काठावरच्या मोटेलात राहायचं आणि दिवसा भाड्याच्या खोपट्यात बसायचं. सकाळी सातच्या सुमारास मालक आपल्या गाडीतून बर्फावर नेतो, दुपारी चारच्या आसपास परत आणतो. गळ, आमिष, शेगडी त्याचीच. सिम्कोवर बहुतेक व्यवहार असा चालतो. ज्यांना हे जमेल की नाही याची खात्री नाही, त्यांनी सुरुवात इथून करावी. एखाद्याला नकोसं झालं तर तो दुपारी मोटेलात जाऊन झोपू शकतो.

दुसरी तऱ्हा काठावरच्या कॉटेजची. इथे एक शब्द लक्षात ठेवा, ‘हाउसकीपिंग कॉटेज’. याचा अर्थ कुणी येऊन साफसफाई करील असा नाही. स्वयंपाकघर, भांडी, फ्रिज सगळं आहे, स्वयंपाक तुमचा तुम्ही करायचा, असा त्याचा अर्थ. ‘अमेरिकन प्लॅन’ म्हटलं असेल तर तिन्ही वेळचं जेवण रिसॉर्टचं. आपल्यासाठी हाउसकीपिंग सोयीचं, कारण हलालचा प्रश्न तिथेच मिटतो. रिसॉर्टच्या खानावळीत मासा मागवला तरी दोन गोष्टी विचाराव्या लागतात. पिठात बिअर घातली आहे का, आणि ज्या तेलात मासा तळतात त्यातच डुकराचं मांस तळतात का. इकडे माशाच्या तळणाच्या पिठात बिअर घालायची सर्रास पद्धत आहे. विचारलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही, सरळ सांगतात.

पण हाउसकीपिंगचा दुसरा अर्थ असा होऊ नये की पुरुष आणि मुलं बर्फावर आणि बाया दोन दिवस चुलीपाशी. तसं होणार असेल तर ती सहल नाही, स्वयंपाकघराची जागा बदलली एवढंच. आमच्याकडे बिर्याणी, खिमा आणि डाळ आठवड्याआधीच शिजवून डब्यांत गोठवतात. गोठलेल्या तळ्यावर गोठलेली बिर्याणी घेऊन जाताना मुलं हसतात, पण शनिवारी संध्याकाळी सगळे एकदम जेवायला बसतात. रविवारची न्याहारी पुरुषांनी करायची, हे आधीच ठरलेलं असतं.

तिसरी तऱ्हा बर्फावरच मुक्काम करायची. टोरंटोहून साडेतीन-चार तास उत्तरेला, नॉर्थ बे शहराजवळच्या लेक निपिसिंगवर अशी ‘बंगले’ म्हणवली जाणारी खोपटी मिळतात. आत झोपायच्या फळ्या, चूल, दिवा. हे तळं उथळ आहे आणि थंडी तिकडे जास्त, त्यामुळे बर्फ सहसा लवकर धरतो. रात्री अंथरुणातून हात लांबवून गळ तपासायचा, यात मजा आहे हे आम्ही नाकारत नाही. पण लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर आमचं मत याच्या विरुद्ध आहे. रात्री दोन वाजता कुणाला छातीत दुखू लागलं तर आधी काठ गाठायचा आणि मग दवाखाना.

फोनवर काय विचारायचं

पहिला प्रश्न शौचालयाचा. हा विचारायला लोक लाजतात आणि मग दिवसभर हाल होतात. काही मालक खोपट्यांच्या वस्तीत प्लास्टिकची फिरती शौचालयं ठेवतात, काही जण फोन केल्यावर काठावर नेऊन आणतात, आणि काही ठिकाणी पडदा लावलेली बादली हीच सोय. बाया, लहान मुली आणि साखरेचा विकार असलेले वडीलधारे यांच्यासाठी याच एका उत्तरावर निर्णय घ्यावा. घरातल्या बायांना गप्प बसून दिवस काढावा लागला तर पुढच्या वर्षी त्या येणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

दुसरा प्रश्न, बर्फावर कशातून नेणार? उघड्या घसरगाडीतून स्नोमोबाइलच्या मागे ओढत नेणार की पट्ट्यांवर चालणाऱ्या बंद गाडीतून? उणे १५ अंशांत वाऱ्यासकट उघड्यावर पंधरा मिनिटं जाणं मोठ्या माणसालाही जड जातं. स्वतःची मोटार बर्फावर न्यायची सूचना कुणी केली तर कुटुंबवाल्याने सरळ नाही म्हणावं.

तिसरा प्रश्न शेगडीचा. बंद खोपट्यात गॅस जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं, आणि मुलाला गुंगी आली की आपण समजतो ते दमलं आहे. म्हणून वरच्या झरोक्यातून हवा खेळते का, खोपट्यात या वायूची सूचना देणारं यंत्र आहे का, हे विचारा. बॅटरीवर चालणारं असं छोटं यंत्र दुकानात मिळतं, आम्ही आमचं बरोबर नेतो. मुलांना खोपट्यात झोपू देत नाही.

नमाजचं म्हणाल तर जानेवारीच्या अखेरीस इथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या आत मावळतो. फजर मुक्कामाच्या जागी होते, मगरिबही परतल्यावर होते. जुहर आणि असर या दोन नमाजा बर्फावर येतात. दोन मोठे थर्मास कोमट पाण्याने भरून न्यावेत म्हणजे वजू होतो. खोपट्यात भोकं असल्याने जागा अपुरी पडते. बाहेर बर्फावर रबरी चटई आणि तिच्यावर जानमाज अंथरली की ओल लागत नाही. शेजारच्या खोपट्यातले लोक अशा वेळी आपणहून यंत्राचा आवाज थांबवतात, हे आम्ही पाहिलं आहे.

बर्फ कसा असतो

आता मुद्द्यावर येतो. वरचे सगळे प्रश्न सोयीचे. खरा प्रश्न पायाखालच्या बर्फाचा.

स्वच्छ, निळसर, आरपार दिसणारा बर्फ सर्वांत मजबूत. पायी चालायला तो किमान १० सेंटिमीटर हवा, असं इथे सांगितलं जातं. पांढरट, बर्फाच्या भुसभुशीत थरातून तयार झालेला बर्फ निम्म्या ताकदीचा धरतात, म्हणजे जाडी दुप्पट हवी. करड्या रंगाच्या बर्फात पाणी मुरलेलं असतं, त्यावर पाय ठेवू नये. आणि एका जागी मोजलेला आकडा शंभर पावलांवर लागू होत नाही. जिथे नदी-ओढा तळ्याला मिळतो, जिथे खालून झरे आहेत, जिथे बर्फाला ताणाच्या भेगा पडतात, तिथे तो पातळ असतो. सिम्कोचंच बघा. दक्षिणेची कुक्स बे उथळ, तिथे बर्फ लवकर धरतो. बॅरी शहराजवळची केम्पनफेल्ट बे ४० मीटरच्या आसपास खोल, तिथे पाणी उशिरा गोठतं. त्यामुळे ‘सिम्को गोठलं का?’ या प्रश्नाला अर्थ नाही. तुमचं रिसॉर्ट कुठल्या बाजूला आहे आणि तिथे आज सकाळी किती बर्फ होता, हे विचारायचं.

जाडी असली तरी वारा आहेच. ७ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत ओहायोच्या किनाऱ्याजवळ लेक एरीवर मोठा तुकडा सुटून वाहत गेला. त्यावर अडकलेल्या १३० हून अधिक लोकांना बोटी आणि हेलिकॉप्टरने सोडवावं लागलं, एकाचा जीव गेला. बर्फात आधीच भेग होती. तिच्यावर लाकडी फळकुटं टाकून लोक पलीकडे गेले होते. मिनेसोटातल्या अपर रेड लेकवर नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये शंभराहून अधिक लोक असेच अडकले. सुदैवाने दोन्ही वेळा सगळे बाहेर आले. हे अडाणी लोक नव्हते. वर्षानुवर्षं बर्फावर जाणारे होते.

त्यात हिवाळे आता भरवशाचे राहिलेले नाहीत. २०२३-२४ च्या हिवाळ्यात थंडी इतकी कमी पडली की दक्षिण ओंटारियोतल्या अनेक व्यावसायिकांचा हंगाम जवळपास बुडाला. ज्याचं वर्षाचं पोट या दोन महिन्यांवर आहे, त्याला बर्फ थोडा कमी असला तरी गिऱ्हाईक न्यायचा मोह होणं साहजिक आहे. आपण त्याला दोष देण्याआधी आपल्याकडे बघावं. आपण पैसे भरलेले असतात, रजा घेतलेली असते, मुलांना सांगितलेलं असतं. पैसे अडकले की डोळ्यांना बर्फ जाड दिसायला लागतो.

नको म्हणणारा माणूस

मागच्या हिवाळ्यात आम्ही तीन घरं मिळून गेलो. सात मोठी माणसं, पाच मुलं आणि रत्नागिरीहून आलेल्या अम्मी. जाण्याआधी तीन ठिकाणी फोन केले. पहिल्याने किती जण एवढंच विचारलं आणि कार्डाचा नंबर मागितला. दुसऱ्याला बर्फाची जाडी विचारली तर म्हणाला, ‘काळजी करू नका, दरवर्षी असतोच.’ तिसरा वयस्कर गृहस्थ होता. त्याने आम्हालाच प्रश्न विचारले. सर्वांत लहान मूल केवढं? कुणाला चालायला त्रास आहे का? हृदयाची, साखरेची औषधं कोण घेतं? आधी कधी बर्फावर आला आहात का? मग म्हणाला, ‘आज सकाळी मी चार ठिकाणी भोक पाडून मोजलं. आज तुम्हाला नेलं असतं. पण पाऊस सांगितला आहे. गुरुवारी संध्याकाळी सहाला मी फोन करीन. मी नको म्हटलं तर निघू नका. पैसे पुढच्या तारखेला वळते करीन, नाहीतर परत देईन.’

त्याचं भाडं तिघांत जास्त होतं. आम्ही तिथेच नाव नोंदवलं.

गुरुवारी सहाला फोन आला. ‘नको.’

मुलं रुसली. आमच्यातल्या एका भाईंनी वाद घातला की दुसरा तर नेतो आहे, लोक फोटो टाकत आहेत, आपणच का घरी बसायचं? रजा वाया गेली होती, त्यांचा राग खोटा नव्हता. अम्मी एका बाजूला बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘तांडेल नको म्हणाला तर होडी सुटते का रे?’

एवढ्यावर विषय संपला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. होडी कुणाच्याही मालकीची असो, वारा बघून निघायचं की नाही हे तांडेल ठरवतो. घरात पैशाची नड असते, बर्फ भरून ठेवलेला असतो, खलाशी तयार असतात. तो आकाशाकडे बघून मान हलवतो आणि सगळे घरी जातात. त्या दिवसाचं नुकसान सगळ्यांचं, तांडेलाचंही. तरी त्याचं ऐकतात, कारण त्याने नको म्हटलेल्या दिवशी गेलेल्या होड्यांच्या गोष्टी प्रत्येक घरात असतात.

रिसॉर्ट निवडणं म्हणजे आमच्या मते तांडेल निवडणं. खोली, टब, टीव्ही नंतर. आणि त्याची परीक्षा दोन प्रश्नांत होते. ‘या हंगामात तुम्ही किती वेळा लोकांना परत पाठवलंत?’ हा पहिला. ज्याने हवा बिघडूनही कुणाला कधी परत पाठवलं नाही, त्याच्याबरोबर मुलं पाठवू नका. ‘तुम्ही नको म्हणालात तर आमच्या पैशांचं काय?’ हा दुसरा. लोकांना तो पैशाचा प्रश्न वाटतो. आम्हाला तो सुरक्षिततेचा वाटतो. पैसे परत मिळणार असतील तर गिऱ्हाईक हट्ट करत नाही आणि मालकालाही खरं बोलायला जड जात नाही. ‘कोणत्याही कारणाने पैसे परत नाहीत’ असं जिथे लिहिलेलं असेल, तिथे दोघांनाही पातळ बर्फावर ढकलणारी गोष्ट आधीच ठरलेली असते. बहुतेक ठिकाणी जबाबदारी नाकारणारा कागद सहीसाठी पुढे करतात. तो घरी मागवून, वाचून मगच पैसे भरावेत.

आपलंही एक काम आहे. रजा घेताना पुढची एक तारीख हाताशी ठेवायची आणि मुलांना सांगताना ‘शनिवारी जाणार’ असं न सांगता ‘बर्फ नीट असला तर शनिवारी, इन्शाअल्लाह’ असं सांगायचं. या शब्दाचा अर्थ मुलांना यापेक्षा सोप्या रीतीने कळणार नाही.

आम्ही दोन आठवड्यांनी गेलो. बर्फ फूटभराच्या वर होता. अम्मी बंद गाडीतून आल्या, दोन तास बसल्या, एक पर्च ओढला आणि परत काठावर जाऊन झोपल्या.

वडीलधारे, औषधं आणि ताटातला मासा

साखरेचा विकार असलेल्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. बोटं गारठून बधिर झाली तरी त्यांना कळत नाही. दर तासाला बूट काढून पाय बघावेत. इन्सुलिन गोठलं तर वाया जातं, म्हणून ते पिशवीत न ठेवता अंगालगतच्या खिशात ठेवावं. हृदयाच्या रुग्णांनी कडाक्याच्या थंडीत फावडं, गिरमीट हातात घेऊ नये. सुती मोजे, सुती बनियन घामाने ओले होऊन गारठतात, आतून लोकरीचे घालावेत.

परवान्याचं आधी बघून घ्या. कॅनडात राहणाऱ्या १८ ते ६४ वयाच्या माणसाला ओंटारियोत मासेमारीचा परवाना लागतो. बाहेरदेशाहून आलेल्या पाहुण्यांचे नियम वेगळे आहेत. कुठला मासा किती धरायचा, किती आकाराचा सोडून द्यायचा, हेही ठरलेलं असतं आणि तपासायला अधिकारी बर्फावर येतात. खाण्यापुरतं धरा, हा नियम आपल्याला नवा नाही. जिवंत छोटा मासा गळाला लावणं कुणाला पटत नसेल तर धातूचं चमकतं आमिष मिळतं, पर्च त्यालाही येतो.

पर्च तळहाताएवढा, पट्ट्यांचा मासा, चवीला गोड. हळद, मीठ, मिरची आणि थोडं आगळ लावून रव्यात घोळवून तळला तर बोंबील-मांदेलीची आठवण निघतेच. सरकार कुठल्या तळ्यातला कुठला मासा महिन्यातून किती वेळा खावा याची माहिती प्रसिद्ध करतं, कारण मोठ्या माशांत पारा साठतो. गरोदर बायकांसाठी आणि १५ वर्षांखालील मुलांसाठी त्यात वेगळं प्रमाण दिलेलं असतं. लहान पर्च मुलांच्या ताटात, मोठा ट्राउट मोठ्यांच्या ताटात, अशी आमची वाटणी.

तारीख ठरवताना

सिम्कोवर खोपटी १५ मार्चपर्यंत काढून घ्यावी लागतात. चांगला बर्फ साधारण जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी इथे फॅमिली डेची सुटी असते आणि त्या शनिवार-रविवारी कॅनडाच्या रहिवाशांना परवान्याशिवाय मासे धरता येतात, म्हणून तेव्हा गर्दी उसळते. पण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो आहे. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल, म्हणजे ती सुटी रोज्यांत येईल. त्यामुळे आपल्या घरांसाठी जानेवारीचे शेवटचे दोन आठवडे सोयीचे. नोव्हेंबरातच दोन तारखा राखून ठेवा, फोन करताना वरचे प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा, आणि फोन घरातल्या बाईने केला तर उत्तम. शौचालयाचा प्रश्न पुरुष नेहमी विसरतात.